टर्बाइन व्हील लहान की मोठं? आधी प्रश्न नीट मांडू या

प्रोजेक्टसाठी किंवा पीएचडीसाठी 'टर्बोचार्जर' हा विषय घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास सुचतो: सगळ्यात चांगलं टर्बाइन व्हील कोणतं? या प्रश्नाला उत्तर नाही. ते का नाही हे कळलं की संशोधनाचा विषय सापडायला लागतो.

आधी थोडी उजळणी. सिलिंडरमधून बाहेर पडणारा गरम एक्झॉस्ट टर्बाइन व्हील फिरवतो. त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला कंप्रेसर व्हील असतं, ते हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त, म्हणजे इंधन जास्त जाळता येतं, म्हणजे पॉवर जास्त. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांनी या कल्पनेचं पेटंट १९०५ साली घेतलं.

आता आपल्याकडचे दोन रस्ते डोळ्यांसमोर आणा. एक, साताऱ्याहून कराडमार्गे पेठ नाक्याला आणि तिथून सांगलीला जाणारा. दुसरा, वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट. हायवेवर इंजिन बराच वेळ साधारण एकाच लोडवर चालतं. घाटात मात्र वळण आलं की ॲक्सिलरेटर सुटतो, आरपीएम पडतो, आणि वळण संपताच ताकद लगेच हवी असते. पाय दाबल्यापासून ती ताकद येईपर्यंतचा उशीर म्हणजे टर्बो लॅग. भरलेली गाडी चढावर असताना हा एखादा सेकंदही ड्रायव्हरला जाणवतो.

हा उशीर कमी कसा करायचा? व्हील लहान करून. आकार आणि धातू तोच ठेवला, तर मोमेंट ऑफ इनर्शिया व्यासाच्या पाचव्या घातानुसार बदलतो. व्यास १० टक्के कमी केला तर ०.९ चा पाचवा घात येतो ०.५९. म्हणजे इनर्शिया तब्बल ४१ टक्के कमी! व्हील चटकन वेग घेतं.

मग सगळेच लहान व्हील का लावत नाहीत? कारण एक्झॉस्टला जायची वाट व्यासाच्या वर्गानुसार बदलते. तोच १० टक्के फरक वाट १९ टक्क्यांनी अरुंद करतो. जास्त आरपीएमला गॅस तुंबतो, बॅकप्रेशर वाढतं, आणि पिस्टनला तो गॅस बाहेर ढकलायला स्वतःची ताकद खर्च करावी लागते. घाटात मिळवलेलं हायवेवर गमावलं, असं होतं.

व्यास न बदलताही वाटा आहेत. टर्बाइन व्हील निकेलच्या मिश्रधातूचं असतं, ॲल्युमिनिअमच्या जवळपास तिप्पट जड. टायटॅनियम ॲल्युमिनाइडची घनता निकेल मिश्रधातूच्या निम्मी, म्हणून इनर्शियाही निम्मा. पण ते ठिसूळ आणि घडवायला अवघड. दुसरी वाट, पात्यांमधली मागची चकती खाचा पाडून कापायची. वजन कमी होतं, पण त्या फटीतून गॅस निसटतो आणि एफिशियन्सी थोडी घटते.

तिसरी वाट मला सगळ्यात रंजक वाटते. इंजिनाचा एक्झॉस्ट सलग वाहत नाही, तो धक्क्यांनी येतो. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन १५०० आरपीएमला सेकंदाला ५० धक्के देतं. धक्क्याच्या शिखरावर गॅसचा वेग पात्यांच्या वेगाच्या मानाने फार जास्त असतो. नेहमीचं रेडियल व्हील सर्वोत्तम चालतं ते पात्याचा वेग गॅसच्या आदर्श वेगाच्या साधारण ०.७ पट असताना, म्हणजे नेमकं या शिखरावर नाही. मिक्स्ड-फ्लो व्हीलमध्ये गॅस तिरका आत येतो, पात्याला सुरुवातीलाच कोन देता येतो, आणि हा सर्वोत्तम बिंदू खाली सरकवता येतो. म्हणजे ज्या क्षणी गॅसमध्ये ऊर्जा जास्त, त्याच क्षणी ती जास्त पकडता येते.

इथेच एक सावधानता. टर्बाइनचा मॅप बहुतेक वेळा गॅस स्टँडवर, स्थिर प्रवाहात काढलेला असतो. तो सिम्युलेशनमध्ये जसाच्या तसा घातला की धक्क्यांचा परिणाम अर्धामुर्धाच दिसतो. तेव्हा पेपर वाचताना आधी बघा: मोजमाप स्थिर प्रवाहात आहे की धक्क्यांच्या?

उंचीही विसरू नका. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा साधारण १२ टक्क्यांनी कमी. तेवढीच हवा भरायला शाफ्ट जास्त वेगाने फिरवावा लागतो, आणि वेगाची मर्यादा जवळ येते.

म्हणून 'चांगलं व्हील कोणतं' असं विचारू नका. असं विचारा: अमुक इंजिन, १५०० आरपीएम, अचानक पूर्ण लोड; ठरलेल्या टॉर्कपर्यंत पोचायला किती वेळ लागतो, आणि तो कमी करताना रेटेड पॉवरला बॅकप्रेशर किती वाढतं? दोन आकडे, एकाच आलेखावर. गाईडसमोर हे घेऊन गेलात तर चर्चा पहिल्याच दिवशी मुद्द्यावर येईल.