हौदातला गप्पी आणि काचेतला गप्पी

बेताचा पाऊस आणि नळाला पाणी कधी येईल याची खात्री नसणे, यांमुळे मराठवाड्यात पाणी साठवून ठेवल्यावाचून घर चालत नाही. राजुरेश्वर गणपतीमुळे प्रसिद्ध असलेल्या जालना जिल्ह्यातील राजूरच्या परिसरासारख्या कोरडवाहू टापूत रांजण, हौद आणि प्लॅस्टिकच्या टाक्या अंगणात दिसतात त्या म्हणूनच. आणि डेंग्यू पसरवणारा एडीस डास नेमक्या अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढत असल्याने, त्याच्या अळ्या खाणाऱ्या गप्पी माशाचे नाव आरोग्य विभागाच्या मोहिमांतून खेडोपाडी पोचले. शहरातील हौशी माणूस काचेच्या टाकीतील ज्या झुलत्या, रंगीत शेपटीवर पैसे खर्च करतो, तीही याच माशाची.

गप्पी या नावाचा गप्पांशी काही संबंध नाही. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातील आणि त्रिनिदाद बेटावरील हा मासा रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी यांनी ब्रिटिश म्युझियमकडे पाठविला, आणि १८६६ मध्ये त्याला त्यांचे नाव देण्यात आले. मात्र विल्हेल्म पीटर्स यांनी १८५९ मध्येच त्याचे वर्णन केलेले असल्याने शास्त्रीय नाव पोसिलिया रेटिक्युलाटा असे राहिले आणि गप्पी हे आडनाव तेवढे लोकांच्या तोंडी टिकले. डासनिर्मूलनासाठी तो भारतात आला तो विसाव्या शतकाच्या आरंभी.

हौदात वाकून पाहिल्यास मळकट राखाडी, पोट फुगलेली आणि शेपटीच्या बाजूला पोटावर काळसर डाग असलेली मादी आधी दिसते. तिच्या निम्म्या आकाराचा, ठिपकेदार नर तिच्याभोवती अंग थरथरवत फिरत असतो. ही मादी अंडी न घालता साधारण चार आठवड्यांनी थेट पिले देते, आणि नराचे शुक्राणू शरीरात महिनोन्महिने साठवू शकत असल्याने एकदा फलित झालेली मादी पुढे नराविना अनेकदा विते. आडोसा मिळाला नाही तर ती स्वतःचीच पिले गिळते, म्हणून पाण्यात थोडे शेवाळ असलेले बरे.

शोभेचे वाण घडविणाऱ्यांना अडचण होते ती शुक्राणूंच्या याच साठवणुकीची: हवा तो नर जोडीला द्यायचा तर मादी वयात येण्यापूर्वीच वेगळी काढावी लागते. नरांचे काही रंग वाय गुणसूत्रावरून, म्हणजे बापाकडून थेट मुलाकडे, जातात, हे योहानेस श्मिट यांनी १९२० मध्ये दाखविले. जॉन एंडलर यांच्या १९८० मधील प्रयोगांत, भक्षक मासे कमी असलेल्या पाण्यात नर काही पिढ्यांत अधिक भडक झाले. पाळणाऱ्याच्या टाकीत भक्षक मुळीच नसतो, आणि निवड माणूस करतो. त्यातून अंगभर नागाच्या कातडीसारखी नक्षी असलेला कोब्रा, मागचा अर्धा भाग गडद असलेला टक्सेडो, लाल डोळ्यांचा अल्बिनो आणि त्रिकोणी शेपटीचा डेल्टा असे वाण उभे राहिले. देखणेपणाची किंमत मात्र मासा मोजतो, कारण एवढी शेपूट ओढत पोहणे जड जाते. अळ्यांच्या कामाला तो साधा, चपळ गप्पीच उजवा.

वेगवेगळे वाण एका टाकीत सोडले तर संकरातून नक्षी लवकरच विस्कटते. नकोसे झालेले मासे नदीत किंवा तलावात सोडणे हा त्याहून मोठा दोष होय, कारण कोठेही तग धरणारा हा परका मासा तेथील लहान देशी माशांच्या अन्नावर हक्क सांगू लागतो. त्याची जागा बंदिस्त हौदात किंवा काचेत आहे.