रेणूंचे खंडन आणि द्रव्यमान वर्णपटाचे वाचन

रोहा तालुक्यातील धाटाव औद्योगिक वसाहत रासायनिक कारखान्यांसाठी ओळखली जाते. तेथील प्रक्रिया केलेले सांडपाणी कुंडलिकेच्या खाडीत सोडले जाते. पेणच्या मूर्तिशाळांचे स्वरूप वेगळे. परंतु तेथेही तैलरंग वापरल्यास ते पातळ करणाऱ्या थिनरमध्ये टोल्यूईन वा झायलीन असू शकते. अशा ठिकाणचा नमुना तपासणीस पाठविला असता मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या अहवालात संयुगाचे नाव व त्यापुढे संगणकाने काढलेली जुळणीची टक्केवारी येते. हे नाव कितपत ग्राह्य मानावे, हे रेणू कसा तुटतो यावर अवलंबून असते.

उपकरणाच्या निर्वात कक्षात वायुरूप रेणूंवर ७० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा मारा होतो. टोल्यूईनमधून एक इलेक्ट्रॉन काढण्यास सुमारे ८.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात. ७० पैकी थोडीच ऊर्जा रेणूला मिळते. तथापि आयनीभवनानंतर उरणारी काही इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जाही बंध तोडण्यास पुरेशी असते. ही ऊर्जा रेणूच्या सर्व कंपनांत पसरते. त्यामुळे रेणू काचेसारखा वाटेल तेथे फुटत नाही. ज्या तुटण्यातून स्थिर आयन निर्माण होतो, ते तुटणे अधिक घडते. विद्युतभार नसलेला तुकडा तर वर्णपटात दिसतच नाही.

टोल्यूईनचा मूळ आयन ९२ वर दिसतो. एक हायड्रोजन गमावून तो ९१ वर येतो, आणि हेच सर्वांत उंच शिखर असते. वर्गात हा आयन बेंझिल म्हणून फळ्यावर काढला जातो. परंतु रायलँडर, मेयरसन व ग्रब यांनी १९५७ मध्ये ड्यूटेरियमयुक्त टोल्यूईनवरील प्रयोगांच्या आधारे असे मांडले की तुटण्यापूर्वी हायड्रोजन अणूंची अदलाबदल होते व सात कार्बनांचे वलय असलेला ट्रॉपिलियम आयन तयार होतो. पुढील संशोधनानुसार दोन्ही रूपे निर्माण होतात. ९१ चा आयन अॅसिटिलीन, म्हणजे २६ एकके, गमावून ६५ वर जातो. तात्पर्य, तुकड्यावरून मूळ रचना सरळ वाचता येत नाही. वाटेत रचनाच बदललेली असते.

क्लोरोबेंझीनच्या बाबतीत वर्णपट बराच बोलका असतो. क्लोरीनच्या दोन समस्थानिकांमुळे ११२ व ११४ ही शिखरे सुमारे ३:१ या प्रमाणात येतात आणि क्लोरीन निघून गेल्यावर ७७ चे शिखर मिळते. एका क्लोरीन अणूची ही खूण सहसा चुकत नाही.

खरी अडचण १०६ पाशी येते. एथिलबेंझीन आणि ऑर्थो, मेटा व पॅरा झायलीन या चारही समघटकांचे रेणुभार तेवढेच. चौघेही १५ एककांचा मेथिल गट गमावतात व सर्वांत उंच शिखर ९१ वरच देतात. एथिलबेंझीनमध्ये १०६ चे शिखर तुलनेने ठेंगणे असल्याने तो काहीसा वेगळा ओळखू येतो. तीन झायलीनांचे वर्णपट मात्र जवळजवळ एकसारखे असतात. अशा वेळी ९५ टक्के जुळणी तिघांशीही दिसू शकते, व यादीत वर आलेले नाव निव्वळ योगायोगाचे असते. निर्णय मग गॅस क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभावर, शुद्ध प्रमाण नमुना बाहेर पडण्यास किती वेळ घेतो, यावर करावा लागतो. ऑर्थोचा उत्कलनबिंदू सुमारे १४४ अंश सेल्सिअस असल्याने तो मागे राहतो. मेटा (१३९) व पॅरा (१३८) मात्र नेहमीच्या स्तंभातून एकत्रच बाहेर पडतात. म्हणून काळजीपूर्वक केलेल्या अहवालात त्यांची नोंद ‘मेटा व पॅरा झायलीन’ अशी एकाच ओळीत असते.