हत्ती की घोडा?
दिल्लीच्या हिंदूराव रुग्णालयाजवळ अशोकाचा, मीरतहून आणलेला स्तंभ उभा आहे. त्याच्या मौर्य सैन्याची दहशत होती ती हत्तींची. ‘सिव्हिलायझेशन ६’ या व्हिडिओ गेममध्ये भारताचे खास दलही हत्तींचेच, नाव ‘वरू’. त्याची ताकद ४०, साध्या घोडेस्वाराची ३६. शिवाय वरूला खेटून असलेल्या शत्रूची ताकद ५ने घटते. म्हणून तो एकटा सोडू नये, इतर सैनिकांसोबत पुढे न्यावा. चाल मात्र २ घरांची, घोड्याची ४. पाठलागाला, लुटालुटीला घोडाच बरा. भालाईत दोघांनाही जड जातात. खऱ्या युद्धात मात्र हत्ती उलटूही शकतो: इ.स.पू. ३२६मध्ये झेलमकाठच्या लढाईत बिथरलेल्या हत्तींनी त्यांच्याच राजाचे, पोरसाचे, सैनिक तुडवले होते. गेममधला हत्ती कधीच बिथरत नाही, ही खेळाडूला मिळालेली मोठीच सवलत.