रेल्वेपुलाखालचा अंधार आणि सार्वजनिक प्रकाशकला

नाचणगावला लागून असलेल्या पुलगावच्या नावातच पूल आहे. वर्धा नदीवरील रेल्वेपुलामुळे गावास हे नाव पडले, असे सांगितले जाते. मुंबई-नागपूर-हावडा हा लोहमार्ग येथून जातो. अशा मार्गालगतच्या गावांतील माणसांना दिवसातून अनेकदा रूळ ओलांडावे लागतात. ब्रॉडगेज मार्गांवरील मानवरहित फाटके जानेवारी २०१९ पर्यंत बंद झाली आणि अनेक ठिकाणी त्यांच्या जागी भुयारी मार्ग आले. गाडीखाली सापडण्याचा धोका त्यामुळे टळला. मात्र सायंकाळी शिकवणीहून परतणाऱ्या मुलीला किंवा रात्रपाळीच्या कामगाराला आता काळोख्या बोगद्यातून जावे लागते. या काळोखावर प्रकाशाच्या साहाय्याने कोणता उपाय करता येतो, हे या लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम काळोखाचे स्वरूप समजून घेऊ. भर दुपारीही पुलाखालचा रस्ता काळा भासतो, कारण बाहेरच्या प्रखर उन्हाला सरावलेल्या डोळ्यांना अंधुक प्रकाशाशी जुळवून घेण्यास वेळ लागतो. पूर्ण अंधाराला सरावण्यास तर अर्धा तासही लागू शकतो. रात्री याच्या उलट चूक केली जाते. पुलाच्या तोंडाशी एकच प्रखर दिवा लावला जातो. त्याने डोळे दिपतात आणि त्यापलीकडचे सारे अधिकच गडद होते. अधिक प्रकाश म्हणजे अधिक सुरक्षितता, हा आपल्याकडचा रूढ समज येथेच फसतो.

पादचाऱ्याला मुख्यतः दोन गोष्टी दिसाव्या लागतात: पायाखालची जमीन आणि समोरच्या माणसाचा चेहरा. सुमारे चार मीटर अंतरावरून चेहरा ओळखता आला, तर थांबावे, वळावे की पुढे जावे, हे ठरविण्यास अवधी मिळतो. छतावरून सरळ खाली पडणारा प्रकाश जमीन उजळतो, पण चेहऱ्यावर सावल्या पाडतो. म्हणून जाणकार रचनाकार भिंती उजळतात. फिकट रंगाच्या भिंतीवरून परावर्तित झालेला प्रकाश चेहऱ्यावर सौम्यपणे येतो आणि बोगद्याचे दुसरे टोकही स्पष्ट दिसते. जुन्या सोडियम दिव्यांच्या पिवळ्या उजेडात कपड्यांचे रंगसुद्धा नीट ओळखता येत नसत. आजच्या एलईडी दिव्यांत ही अडचण बरीच कमी झाली आहे. सुमारे ३००० केल्व्हिनचा उबदार पांढरा प्रकाश अशा जागी सुखावह वाटतो.

येथपर्यंतचा विचार अभियांत्रिकीचा झाला. भिंत उजळायचीच असेल तर ती पाहण्याजोगी का असू नये, या प्रश्नापासून कलेचा प्रांत सुरू होतो. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात बिल फिट्झगिबन्स या कलावंताने २०१३ मध्ये रेल्वेखालील रस्त्यावर रंग बदलणाऱ्या एलईडी दिव्यांची 'लाइटरेल्स' ही रचना साकारली. लंडनमध्ये साउथवर्क स्ट्रीटवरील रेल्वेपुलाखाली इयन डॅव्हनपोर्ट यांचे ओघळत्या रंगरेषांचे ४८ मीटर लांबीचे चित्र २००६ पासून आहे. तेथे रंगच भिंतीची उदासी घालवितात.

महाराष्ट्रातील जवळची उदाहरणे रेल्वेपुलांची नसून उड्डाणपुलांची आहेत. मुंबईत माटुंगा येथे उड्डाणपुलाखालच्या जागेचा गैरवापर होऊ नये म्हणून रहिवाशांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला आणि २०१६ मध्ये तेथे उद्यान झाले. त्यातील पायवाटेला नर्मदेच्या प्रवाहाचा आकार दिलेला आहे. परळला सेनापती बापट मार्गावरील पुलाखाली २०२२ मध्ये 'वन ग्रीन माइल' हा प्रकल्प आकारास आला. माटुंग्याचे उदाहरण प्रस्तुत लेखकाला अधिक मोलाचे वाटते, कारण तेथे मागणी आधी आली आणि सजावट नंतर.

रेल्वेपुलाच्या बाबतीत एक निर्बंध कधीही विसरता येत नाही. लोको पायलटच्या दृष्टीस पडेल असा लाल, हिरवा किंवा पिवळा दिवा सिग्नलचा भ्रम निर्माण करू शकतो. म्हणून रंगीत प्रकाश पुलाच्या पोटाशीच ठेवावा लागतो. रुळांच्या पातळीवर तो जाता कामा नये. पूल रेल्वेचा असल्याने तिची परवानगी आवश्यक ठरते. खालचा रस्ता ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचा असतो आणि वीज महावितरणची. बंद पडलेला दिवा कोणी बदलायचा, हे आरंभीच लेखी ठरले नाही तर पहिल्या पावसाळ्यानंतर कलाकृती अंधारात जाते. भुयारी मार्गात पाणी साचते, हे विदर्भातील वाचकांना वेगळे सांगावयास नको. म्हणून दिवे पुराच्या खुणेच्या वर असावेत आणि धूळ व पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण देणाऱ्या आयपी ६५ दर्जाचे असावेत.

खर्चाची भीती मात्र अवाजवी आहे. १५ वॅटचे २० दिवे रोज १२ तास जळाले, तर ३.६ युनिट वीज लागते. म्हणजे महिन्याला सुमारे १०८ युनिट. खरा खर्च देखभालीचा असतो.

भिंतीवर काय असावे? वर्धा जिल्हा म्हटला की चरखा, हा ठराविक उपाय झाला. कापूस, वर्धा नदी किंवा पुलगाव-आर्वी नॅरोगेज गाडीची आठवण हेही स्थानिक विषय आहेत. विषयाची निवड रोज त्या वाटेने जाणाऱ्यांना विचारून व्हावी.

कृती : आपल्या परिसरातील एखादा पूल किंवा भुयारी मार्ग सोबतीने दिवसा व रात्री पाहा. प्रकाश कोठून येतो, चार मीटरवरून चेहरा ओळखता येतो का आणि पाण्याची खूण किती उंचीवर आहे, याची नोंद करा. तेथून नियमित जाणाऱ्या दोन स्त्रियांशी बोलून सुमारे १५० शब्दांत टिपण लिहा.