बर्गर करा, पण जालन्याचा!

दोस्तांनो, पाककला स्पर्धेच्या नोटिशीत एक ओळ हमखास असते : ‘पदार्थ स्वतःच्या कल्पनेतला असावा.’ ती वाचली की निम्मे स्पर्धक तिथेच गार पडतात. आणि स्पर्धा बर्गरची असली तर विचारूच नका! पाव, टिक्की, कांदा-टोमॅटो, सॉस. यात आपण नवीन ते काय करणार? मग कुणी चीजचे दोन थर देतं, कुणी तीन टिक्क्या एकावर एक रचतं, कुणी वर अननसाची चकती ठेवतं. परीक्षक घास घेतात, विचारतात, “अननस का घातला?” उत्तर येतं, “वेगळं वाटावं म्हणून.” परीक्षक मान डोलावून पुढच्या टेबलाकडे जातात.

त्या ‘का’चं खणखणीत उत्तर ज्याच्याकडे असतं, त्याची पाककृती खरी स्वतःची. हे उत्तर शोधायचं कसं, ते आज पाहू.

वडापावकडून शिका

‘हॅम्बर्गर’ हे नाव आलं जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून, आणि त्याचंच पुढे झालं ‘बर्गर’. मॅकडोनल्ड्सनं भारतात पहिली दुकानं उघडली ती १९९६ साली, दिल्लीत आणि मुंबईत. पण इथे येताना त्यांनी गोमांसाचा बर्गर आणला नाही. आपल्याकडचे लोक काय खातात आणि काय खात नाहीत, हे पाहून त्यांना मेनूच बदलावा लागला. बटाट्याची टिक्की बर्गरमध्ये शिरली ती अशी.

आता मागे जा तीस वर्षं. १९६६ साली अशोक वैद्य यांनी दादर स्टेशनबाहेर वडापावची गाडी सुरू केली, असं सांगतात. गंमत बघा, बटाटेवडा त्यांच्या आधीपासून होताच. पाव तर त्याहून जुना, पोर्तुगीजांबरोबर आलेला. मग नवीन काय होतं? नवीन होता तो विचार. लोकल पकडायला निघालेल्या माणसाला ताट-वाटी नको. एका हातात मावेल, उभ्या उभ्या खाता येईल आणि खिशाला परवडेल असं काहीतरी हवं. वडापावातली लसणाची चटणीसुद्धा कोरडी असते. तिच्यानं पाव भिजत नाही!

म्हणजे ‘कशात काय घालू?’ हा पहिला प्रश्न नव्हेच. ‘कुणासाठी आणि कशासाठी?’ हा पहिला प्रश्न.

आपल्या घरात काय आहे?

समजा, तुम्ही जालना जिल्ह्यात राहता. अंबडला, भोकरदनला, परतूरला किंवा खुद्द जालन्यात. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. म्हणजे हे पीक या भागाचं खास, अशी सरकारदरबारी झालेली नोंद. तशीच नोंद जालन्याच्या दगडी ज्वारीचीही आहे.

या दोन पिकांचा स्वभाव मात्र अगदी वेगळा. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या कितीतरी बागा पाण्यावाचून वाळून गेल्या. वर्षानुवर्षं वाढवलेली झाडं शेतकऱ्यांना तोडावी लागली. ज्वारी कमी पाण्यात तग धरते. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राहते. कडब्यानं गुरांचंही पोट भरतं. तरीसुद्धा मराठवाड्यात ज्वारीचं रान कमी होत गेलं आणि कापूस, सोयाबीन वाढलं. याला भाव, मजुरी अशी बरीच कारणं आहेत. पण एक कारण तुमच्या-आमच्या ताटात आहे. भाकरी दिसली की नाक मुरडणारी मंडळी घरोघरी आहेत ना? जे खाल्लं जात नाही, ते हळूहळू पेरलंही जात नाही.

मिळाला की नाही आपला ‘कशासाठी’? भाकरीला नाही म्हणणाऱ्या मुलानं दुसऱ्यांदा मागून घ्यावा, असा ज्वारीचा बर्गर!

ज्वारी फुगत नाही, मग?

उत्साहाच्या भरात नुसत्या ज्वारीच्या पिठाचा बन कराल तर हाती भुगा येईल. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की ग्लूटेन नावाचं चिवट जाळं तयार होतं. यीस्टमुळे सुटणारा वायू त्या जाळ्यात अडकतो आणि पाव फुगतो. ज्वारीत हे ग्लूटेन नाही. म्हणून तर भाकरी लाटत नाहीत, थापतात.

यावर उपाय आजीकडे आहे. पीठ जुनं झालं, भाकरी तुटायला लागली, की आजी काय करते? कढत पाण्यात पीठ मळते. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च फुलतो, चिकट होतो आणि पीठ धरून राहतं. आपणही आधी ज्वारीची उकड काढायची आणि ती मैद्यात मिसळायची. चार भागांत एक भाग ज्वारी आणि तीन भाग मैदा, इथून सुरुवात करा. जमलं की ज्वारी थोडी थोडी वाढवा.

इथेच एक वही घाला. प्रत्येक खेपेला क्रमांक द्या आणि एका खेपेला एकच गोष्ट बदला. पीठही बदललं, पाणीही वाढवलं आणि वेळही कमी केला, तर बन कशामुळे बिघडला हे कळणार कसं? वाटी-चमचेही दर वेळी तेच वापरा. ‘अंदाजे’ हा शब्द वहीत नको.

टिक्की आणि वरचा साज

टिक्की फुटते ती बहुतेक वेळा पाण्यामुळे. बटाटे सालासकट उकडा आणि पूर्ण गार झाल्यावर किसा. मटकी वाफवल्यावर चाळणीत निथळू द्या. मूठभर भिजवलेले पोहे घातले की उरलेला ओलावा ते शोषून घेतात.

बाहेरून कुरकुरीतपणा हवा? ब्रेडचा चुरा कशाला! नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्या आठवा. त्या तव्यावर कोरड्या परतून जाडसर चुरा आणि टिक्कीला लावा. म्हणजे आत, बाहेर, दोन्हीकडे ज्वारी.

सॉसऐवजी घट्ट चक्क्यात मिरचीचा ठेचा कालवा. मोसंबीही हवीच, पण तिचा रस काढून ठेवू नका. रस थोडा वेळ राहिला की कडवट लागतो. फोडी ऐनवेळी सोला, पांढरा पापुद्रा काढून टाका आणि कांद्याबरोबर ठेवा. ठेच्याचा जाळ मोसंबी छान विझवते.

परीक्षकांच्या आधीची परीक्षा

स्पर्धेत बर्गर गरमागरम कुणी खात नाही. नंबर येईपर्यंत तो टेबलावर बसून असतो. म्हणून घरीही केल्या केल्या खाऊ नका. वीस मिनिटं ठेवा आणि मग उचला. खालचा बन ओला झाला? तर बनच्या आतल्या बाजूला लोणी लावून तो तव्यावर शेका आणि त्यावर शेंगदाण्याची कोरडी चटणी पसरा. उंची जास्त झाली? तोंडात मावत नाही तो बर्गर कापून खावा लागतो, आणि मग तो हातात धरायचा पदार्थ राहतच नाही.

चव बघायला घरच्यांना ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन ताटल्या द्या. कुठल्यात काय बदललं ते सांगू नका. “छान झालाय” यावर समाधान मानू नका. “काय कमी आहे?” असं विचारा. आणि भाकरी न खाणारा एक तरी भिडू त्यात हवाच!

ज्वारीचा जालना बर्गर (चार नग)

बन : ज्वारीचं पीठ ५० ग्रॅम, मैदा १५० ग्रॅम, कोरडं यीस्ट १ चमचा, साखर १ चमचा, मीठ अर्धा चमचा, तेल २ चमचे, कोमट दूध लागेल तसं.

टिक्की : मध्यम बटाटे २, मोडाची मटकी १ वाटी, शेंगदाण्याचं कूट ३ चमचे, भिजवलेले पोहे मूठभर, ठेचा १ चमचा, कोथिंबीर, मीठ, ज्वारीच्या लाह्यांचा चुरा.

कृती : ज्वारीच्या पिठावर पाऊण वाटीपेक्षा थोडं कमी उकळतं पाणी ओतून उकड करा. ती कोमट झाल्यावर मैदा, यीस्ट, साखर, मीठ घालून दुधानं सैलसर मळा. तेल लावून दहा मिनिटं चांगलं मळत राहा. झाकून तासभर ठेवा. पीठ दुप्पट फुगलं की चार गोळे करा, पुन्हा अर्धा तास ठेवा आणि ओव्हनमध्ये २०० अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटं भाजा. घरी ओव्हन नसेल तर गावातल्या बेकरीवाल्या काकांना विचारा. टिक्क्या वळून पातळ बेसनात बुडवा, लाह्यांच्या चुऱ्यात घोळवा आणि तव्यावर थोड्या तेलात खरपूस परता.

(आई-बाबा, उकळतं पाणी, गरम तेल आणि ओव्हन यांच्यापाशी तुम्ही उभे राहा. बाकीचं मुलांना करू द्या. पहिला बन दगड झाला तरी हसू नका!)

तुम्ही जालन्याचे नसाल तर हाच बर्गर उतरवून घेऊ नका बरं. तुमच्याकडे नाचणी असेल, वरई असेल, वाल असतील. आजीला विचारा, दुकानात बघा, शेतात जाऊन या. मग वही उघडा आणि पहिल्या पानावर लिहा : कुणासाठी? कशासाठी? खेप क्रमांक १ त्याच्या खाली.