तिसरा दिवस सोमवार

बारामतीहून भिगवणकडे जाणाऱ्या रस्त्याने एमआयडीसीत शिरले, की जेथे जेथे कारखान्याचे फाटक आहे तेथे तेथे हाकेच्या अंतरावर एखादी टपरी आढळतेच. कारखान्यात काडेपेटी नेण्यास मज्जाव असतो, कामाच्या जागी धूम्रपान करण्यास तर २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे. त्यामुळे चहाची दहा मिनिटांची सुट्टी झाली, की अंगावर भट्टीची धग घेऊन आम्ही पाच-सहा जण फाटकाबाहेर पडत असू आणि ताडपत्रीच्या सावलीत उभे राहून मुलांच्या परीक्षा, उसाची तोड, कॅनॉलचे आवर्तन यांची विचारपूस करीत प्रत्येकी एक सिगारेट संपवीत असू. हा नेम माझ्या हातून तेवीस वर्षे चालला. तो मोडण्याची वेळ आली तेव्हा मला प्रथम उमगले, की सोडायचा होता तो धूर, परंतु त्याबरोबर सुटणार होती ती ही माणसे. आणि दोहोंची वीण त्याच दहा मिनिटांत इतकी घट्ट बसली होती, की एक धागा ओढताच दुसरा उसवल्यावाचून राहणार नव्हता.

पाकिटावरील चित्राकडे न पाहण्याची सवय ओढणाऱ्याला आपोआप जडते. त्या चित्राच्या जोडीला छापलेला १८००-११-२३५६ हा क्रमांक मात्र एका मंगळवारी मी फिरवला. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी ही विनामूल्य सेवा २०१६ साली दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली, आणि २०१८ साली तिचा क्रमांक पाकिटांवर छापणे सक्तीचे झाले तेव्हा मुंबईच्या टाटा मेमोरियलसह आणखी केंद्रे तिला जोडली गेली. भाषा निवडल्यावर एका तरुण स्त्रीचा मराठी आवाज आला. उपदेश ऐकावा लागेल अशा तयारीने मी बसलो होतो. प्रत्यक्षात सुरू झाली ती एखादी जबानी नोंदवून घ्यावी तशी सावकाश चौकशी. दिवसाला किती, किती वर्षे, पूर्वी कितीदा सोडली, आणि सकाळी डोळे उघडल्यापासून पहिली सिगारेट किती मिनिटांनी? या शेवटच्या प्रश्नाला मी 'दहा' असे उत्तर दिले, तेव्हा पलीकडे काही लिहून घेण्याइतका अवकाश गेला. रक्तातील निकोटिन साधारण दोन तासांत निम्मे होते, रात्रभराच्या झोपेत ते बहुतांशी ओसरते, आणि म्हणून जागा झालेला माणूस किती वेळ थांबू शकतो यावरून त्या द्रव्याचा अंमल किती खोल गेला आहे याचा अदमास घेतात, हे तिने मला उमजेल अशा शब्दांत सांगितले. मग आम्ही तारीख मुक्रर केली: येता शनिवार.

"म्हणजे तिसरा दिवस सोमवार," ती म्हणाली. "पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड जातात, आणि सोमवारी आमचा फोन बंद असतो. त्या दिवशी कामावर तुमच्याजवळ कोण असेल? एक नाव सांगा."

मला नाव सांगता येईना. ज्यांना मी माझी माणसे म्हणत होतो, ती सारी टपरीवरची होती. पत्नीचे नाव ओठांवर आले, परंतु ती घरी, आणि माझी कसोटी फाटकाशी. विचार करून कळवतो, असे म्हणून मी फोन ठेवला.

आमच्या विभागात एक वयस्क फिटर आहेत, ज्यांना सारे आबा म्हणतात. गळ्यात तुळशीची माळ घातली त्या दिवसापासून त्यांनी बिडी-तंबाखूला हात लावलेला नाही; आणि कदाचित त्याच कारणाने, तेवीस वर्षांत मी त्यांच्याजवळ कामाखेरीज दोन वाक्येही बोललो नव्हतो. शुक्रवारी धीर करून मी त्यांच्यापुढे उभा राहिलो. त्यांनी पाना खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाले, "मी सोडली तवा माझ्याजवळ कुणी न्हवतं. चार येळा मोडलं. तुमच्या दहा मिनटात मी हाय."

शनिवार ठीक गेला. रविवारी डोके जड झाले, घरात क्षुल्लक कारणावरून माझा आवाज चढला, आणि पत्नीने तो मुकाट्याने सोसला याची खंत मला आजही आहे. सोमवारी सकाळच्या पाळीत मी तपासणीच्या टेबलाशी बसलो. माझे काम घडाईतून आलेल्या भागांची मापे घेण्याचे. मायक्रोमीटरच्या दोन जबड्यांत भाग धरून बोटांनी हलकेच फिरकी आवळायची, तिची टकटक ऐकू आली की थांबायचे आणि आकडा वाचायचा, ही क्रिया मी आयुष्यात लाखभर वेळा तरी केली असेल. त्या दिवशी टकटक कानी येऊनही बोटे थांबेनात, आकडा वाचावा तो रजिस्टरात उतरवेपर्यंत मनातून पुसला जाई, आणि एकच भाग तीनदा मोजून तीन निरनिराळी मापे आली तेव्हा तो बाजूला ठेवून मी डोळे मिटून बसलो. भोंगा झाला. पाय सवयीने फाटकाकडे वळले, तोच आबा समोर आले. त्यांनी काही समजावले नाही. शेडमागच्या कडुलिंबापर्यंत मला चालवत नेले, पाण्याची बाटली हाती दिली, खिशातून कागदाच्या पुडीतले फुटाणे काढले आणि घड्याळ माझ्यापुढे धरले. तलफेची लाट काही मिनिटांत चढते आणि ओसरते, हे मला फोनवर सांगितले होते. परंतु दुसऱ्या माणसाच्या मनगटावरचा सेकंदकाटा पाहत ती ओसरताना अनुभवणे ही निराळीच गोष्ट आहे. चार मिनिटे आणि काही सेकंद. उरलेल्या वेळात आबांनी त्यांच्या गाईच्या दुधाच्या फॅटविषयी सांगितले.

डॉक्टरांच्या सल्ल्याने २ मिलीग्रॅमचे निकोटिनचे च्युइंगगमही मी घेत होतो. ते चघळण्याची एक रीत आहे, आणि ती चुकली की उचकी लागते, घसा जळतो: सावकाश चावायचे, मिरीसारखी झणझण जाणवताच थांबायचे, गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ते ठेवून द्यायचे, झणझण विरली की पुन्हा चावायचे, आणि त्याआधी पंधरा मिनिटे चहा घ्यायचा नाही.

गालात ते ठेवलेले पाहून एका तरुण ऑपरेटरने मोठ्या आपुलकीने चुना-तंबाखूची मळलेली चिमूट माझ्यापुढे केली: "काका, शिगरेट सोडली ना, मग हे घ्या, ह्यात धूर न्हाय." आपल्या मुलखातला हा धोका मला सर्वांत मोठा वाटतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी ओढणारे ३.८ टक्के, तर धूर नसलेली तंबाखू वापरणारे २४.४ टक्के आढळले. म्हणजे सिगारेट सोडणाऱ्याला चिमूट देऊ करणारा हात आपल्याकडे पावलोपावली आहे, आणि तो बहुधा मायेचा असतो. मी त्या मुलाला फुटाणे दिले.

टपरीवरच्या मित्रांचे म्हणणे निराळे: पन्नाशीला टेकल्यावर सोडून काय मिळवणार? याचे उत्तर रिचर्ड डॉल या संशोधकाने देऊन ठेवले आहे. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध १९५० साली दाखवणाऱ्यांपैकी ते एक. त्या शोधानंतर त्यांनी स्वतः सिगारेट टाकली, आणि ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षे मागोवा घेऊन २००४ साली असे प्रसिद्ध केले, की पन्नाशीत सोडणाऱ्याला सुमारे सहा वर्षांचे आयुष्य परत मिळते, साठीत सोडणाऱ्यालाही तीन. सहा वर्षे ही माझ्या हिशेबी थोडी नव्हेत.

अकराव्या दिवशी इंदापूरला एका लग्नात मी दोन झुरके घेतले. जेवण झाले होते, मांडवामागे जुना वर्गमित्र भेटला, आणि हात पुढे गेला. ठरल्याप्रमाणे फोन आला तेव्हा ही कबुली द्यावी की लपवावी, याचा मी बराच वेळ विचार केला आणि अखेर दिली. त्या आवाजात रोष नव्हता. कोणत्या जागी, कोणाबरोबर, जेवणाआधी की नंतर, एवढे तिने विचारून घेतले आणि जेवणानंतरची ती वेळ कशी भरून काढता येईल याचा माझ्याबरोबर विचार केला.

मग मी तिला सांगितले, की पुढल्या आठवड्यात तुकोबांची पालखी बारामतीत येईल, आणि तेथून काटेवाडी, इंदापूर करीत पंढरपूरपर्यंत पायी जाण्याचा आबांचा शिरस्ता आहे.

"मग त्या दिवसांत तुमच्याजवळ कोण?"

या वेळी नाव तयार होते. टपरीवरचाच एक जुना सोबती, ज्याने कडुलिंबाखाली आम्हा दोघांना दुरून रोज पाहिले होते, तो आदल्या दिवशी आपण होऊन माझ्याकडे आला होता.

"ते स्वतः ओढतात का?" तिने विचारले.

"ओढतात, ताई. पण चहाच्या सुट्टीत ओढणार नाही, असे कबूल केले आहे."

पलीकडे पुन्हा लिहून घेण्याइतका अवकाश गेला.