ट्रोलिंग मोटर निवडताना

उत्तन, पाली, चौक या कोळीवाड्यांतल्या मोठ्या डिझेल बोटींना ट्रोलिंग मोटर, म्हणजे बॅटरीवर चालणारी छोटी विद्युत मोटर, पुरणार नाही. खाडीच्या तोंडाशी गरी टाकणाऱ्या छोट्या होडीला मात्र ती छान: आवाज नाही, धूर नाही, दिशा रिमोटवर.

माणसे, बर्फ, सामान धरून होडीच्या दर 45 किलो वजनाला 2 पाउंड रेटा (थ्रस्ट) लागतो. 900 किलोंना हिशेबाने 40. पण उधाणाच्या ओढीपुढे तो तोकडा, म्हणून 55 पाउंडांचीच घ्यावी. पूर्ण वेगात ती सुमारे 50 अँपिअर खेचते, म्हणजे 100 अँपिअर-तासांची बॅटरी जेमतेम दोन तास. परतताना ओहोटी आडवी आली तर?

गोड्या पाण्याचे मॉडेल स्वस्त असले तरी नको. खाऱ्या पाण्यासाठी बनवलेली, झिंकचा अ‍ॅनोड असलेली मोटरच टिकते. रिमोट जलरोधक हवा, आणि वल्हे होडीत हवेच.